डेट्रॉइट 1972: नकाशाच्या कडेपलीकडची माणसं

‘सिमसिटी’ हा शहर उभारायचा संगणकीय खेळ. एरवी ती रिकामी जमीन हातात देते. थोडी नदी, थोडी झाडं, तिजोरीत काही हजार डॉलर, आणि पुढे तुम्ही जाणा. पण 1989 च्या मूळ खेळात आठ तयार शहरंही होती, प्रत्येकाचं दुखणं वेगळं. सॅन फ्रान्सिस्को 1906 मध्ये भूकंप, टोकियो 1957 मध्ये समुद्रातून आलेला राक्षस, हॅम्बर्ग 1944 मध्ये बॉम्बफेक. बहुतेक ठिकाणी संकट एका झटक्यात कोसळतं आणि महापौर म्हणून तुम्ही विझवाविझवीला धावता. डेट्रॉइट 1972 मध्ये मात्र काहीच कोसळत नाही. पडद्यावर एक दमलेलं शहर येतं आणि गुन्हेगारीचा नकाशा उघडला की मधला भाग गडद दिसतो.

सुरुवातीच्या सूचनेचा आशय असा: परदेशी स्पर्धा आणि इतर आर्थिक कारणांमुळे मोटारींची ही राजधानी मंदीत सापडली, जमिनीचे भाव पडले, बेकारी वाढली आणि त्यामुळे शहराच्या मध्यभागी गुन्हेगारी हाताबाहेर गेली. तुमच्याकडे 10 वर्षं आहेत. गुन्हेगारी कमी करा आणि उद्योगांचा पाया पुन्हा उभा करा.

सार्वजनिक धोरण शिकणाऱ्या एका छोट्या गटासोबत मी हे प्रकरण खेळायला घेतलं, त्याला कारण आहे. राजकीय खेळ म्हटलं की उघडपणे भूमिका मांडणारे खेळ डोळ्यांसमोर येतात: युद्धावरचे, सीमेवरच्या तपासणी नाक्याचे, निवडणुकीचे. त्यांचं म्हणणं समोर असतं, पटलं तर घ्या. सिमसिटी काहीच म्हणत नाही. ती फक्त आकडे दाखवते, आणि आकड्यांशी सहसा कोणी वाद घालत नाही. म्हणून मला तीच हवी होती.

आणखी एक सोय होती. 2008 च्या जानेवारीत या खेळाच्या युनिक्स आवृत्तीवर आधारलेला कोड खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध झाला. मुलांसाठीच्या स्वस्त लॅपटॉपच्या प्रकल्पाकरिता तो मोकळा केला होता. ‘सिमसिटी’ हे नाव कंपनीने स्वतःकडे ठेवलं, म्हणून खुल्या आवृत्तीला ‘मायक्रोपोलिस’ हे खेळाचं अगदी सुरुवातीचं नाव मिळालं. म्हणजे आता कोणीही खेळाचं झाकण उघडून आतली चाकं बघू शकतं. त्याआधीची जवळजवळ वीस वर्षं खेळणाऱ्यांना फक्त अंदाज बांधता येत होते, आणि ते अंदाज नियम बनून डोक्यात बसत. समाजशास्त्रज्ञ शेरी टर्कल यांनी नव्वदच्या दशकात दहावीतल्या एका मुलीचं उदाहरण नोंदवलं होतं. खेळातून ती जे नियम शिकली, त्यातला एक होता: कर वाढवले की दंगली होतातच. तिने हा नियम कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता, खेळता खेळता तो तिच्या बोटांत उतरला होता.

आधी खेळायचं, जिंकायचा प्रयत्न करायचा, आणि नंतरच कोड उघडायचा, असा आमचा क्रम ठरला होता. उलट केलं असतं तर सगळे पहिल्या मिनिटापासून शहाणे झाले असते आणि खेळाने काहीच शिकवलं नसतं.

पहिल्या डावात बहुतेकांनी एकच केलं. गुन्हेगारीच्या नकाशावर जिथे गडद डाग दिसतो तिथे पोलीस चौकी. एक चौकी 500 डॉलर, वर वर्षाला 100 डॉलर खर्च. डाग फिका होतो, पुढच्या डागाकडे जायचं. एकाने कर कमी करून कारखाने बोलवायचा प्रयत्न केला. तिजोरी आटली, चौक्यांना पैसे पुरेनात, आणि 10 वर्षांनी त्याची हकालपट्टी झाली. एकीने मात्र वेगळी वाट धरली. सर्वांत दाट आणि सर्वांत गडद वस्तीवर तिने सरळ बुलडोझर फिरवला. एका टिचकीला 1 डॉलर. मोकळ्या जागेत तिने बागा लावल्या, आसपासच्या जमिनीचे भाव चढले, गुन्हेगारीची सरासरी झपाट्याने खाली आली. जिंकल्यावर मिळणारी शहराची किल्ली सर्वांत आधी तिच्या हातात पडली.

ती खुशीत होती, आणि तिने काही चुकीचं केलेलं नव्हतं. शेजारच्या मुलाने विचारलं, “पण ती माणसं गेली कुठे?” तिने लोकसंख्येचा आकडा पाहिला. तो कमी झाला होता. “माहीत नाही,” ती म्हणाली. “मॅडम, कुठे जातात?”

तेव्हा कोड उघडला.

या खेळात गुन्हेगारी कशी मोजतात, ते चार-पाच ओळींत आहे. प्रत्येक जागेसाठी 128 हा आकडा घ्यायचा, त्यातून तिथला जमिनीचा भाव वजा करायचा, लोकवस्तीची दाटी मिळवायची, वर एक मर्यादा घालायची आणि शेवटी पोलिसांचा प्रभाव वजा करायचा. झालं. सूचनेत बेकारीचं नाव घेतलं होतं, पण या सूत्रात बेकारी नाही. खेळ बेकारी मोजतो, नागरिकांच्या तक्रारींच्या यादीत ती दाखवतोही, पण तिची तार गुन्हेगारीला जोडलेलीच नाही. शाळा नाहीत, वेतन नाही, विषमता नाही. डेट्रॉइटबद्दल बोलताना जो शब्द टाळून एक वाक्यही पुढे सरकत नाही तो वंशभेदही नाही.

दुसरी मेख शेवटच्या निकालात होती. 10 वर्षं संपल्यावर खेळ एकच गोष्ट तपासतो: शहरातल्या गुन्हेगारीची सरासरी 60 च्या खाली आहे का. उद्योगांचा पाया पुन्हा उभारण्याचं काम सूचनेत आहे, निकालात नाही. सगळे कारखाने बंद पडलेले असतानाही तुम्ही जिंकू शकता. धोरणाच्या कागदांत हे नेहमी दिसतं. उद्दिष्टं चार लिहिलेली असतात, मोजमाप एकाचंच होतं, आणि काही वर्षांनी ते एकच उद्दिष्ट उरतं. एरवी वर्गात हे सांगितलं की माना डोलतात. इथे ते स्वतःच्या हातून घडलेलं होतं.

तिसरी गोष्ट सरासरीची, आणि त्या मुलीच्या विजयाचं कारण हेच. ज्या जागेवर काही बांधलेलं नाही तिथे जमिनीचा भाव शून्य धरला जातो, आणि भाव शून्य असलेली जागा गुन्हेगारीच्या सरासरीत मोजलीच जात नाही. वस्ती पाडली की तिथली गुन्हेगारी कमी होत नाही, ती हिशोबातून उठते. भागाकार करताना खालचा आकडाच बदलतो. आणि माणसांचं म्हणाल तर ती आत कुठे नाहीतच. लोकसंख्या म्हणजे नकाशाच्या चौकोनांमधून काढलेली एक बेरीज. चौकोन गेला की बेरीज घटते. माणसं कुठे जात नाहीत, कारण ती कधी कुठे नव्हतीच.

आता डेट्रॉइटकडे. शहराच्या पूर्व बाजूला ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली अशा दोन लागून वस्त्या होत्या. दाट, गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय; दुकानं, चर्च, जॅझचे क्लब यांनी गजबजलेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत शहराच्या पुनर्विकासाच्या नावाखाली त्या पाडल्या गेल्या. काही भागावर लाफायेट पार्क ही नवी वसाहत उभी राहिली, काही भागावरून क्रायस्लर फ्रीवे गेला. हजारो माणसं हलली. आमच्या मुलीने पडद्यावर जे केलं ते तिथे खरोखर झालेलं होतं, 1972 च्या बरंच आधी. खेळ ज्या दुखण्यावर बुलडोझर हा उपाय म्हणून हातात देतो, ते दुखणं वाढण्यात बुलडोझरचाही हात होता.

पोलिसांचंही तसंच. खेळात पोलीस म्हणजे शुद्ध वजाबाकी. चौकी कधी आग भडकवत नाही. खऱ्या डेट्रॉइटमध्ये 1967 च्या जुलैत जो उद्रेक झाला, ज्यात 43 माणसं मेली, त्याची ठिणगी एका बेकायदा दारूच्या अड्ड्यावर पोलिसांनी घातलेल्या छाप्यातून पडली. 1971 मध्ये शहराने लूटमार रोखण्यासाठी ‘स्ट्रेस’ नावाचं गुप्त पथक काढलं. दोन-अडीच वर्षांत या पथकाच्या हातून 20 हून अधिक माणसं मारली गेली, त्यातली जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. म्हणजे खेळ सुरू होतो त्या 1972 साली खऱ्या डेट्रॉइटचा सर्वांत मोठा राजकीय प्रश्न चौक्या किती हव्यात हा नव्हताच, त्या पथकाचं काय करायचं हा होता. 1973 च्या निवडणुकीत कोलमन यंग पथक बंद करण्याचं वचन देऊन उभे राहिले, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले, आणि 1974 मध्ये पथक बरखास्त झालं. या खेळात तो निर्णय घ्यायला बटणच नाही.

इथपर्यंत येऊन खेळाला मोडीत काढणं सोपं होतं. गटातल्या दोघा-तिघांनी ते केलंही. मला ते पटलं नाही, कारण त्याच कोडमध्ये एक अशी जागा आहे जी मला अजूनही थक्क करते.

जमिनीचा भाव कसा ठरतो ते पाहा: शहराच्या केंद्रापासूनचं अंतर, आजूबाजूची झाडं आणि पाणी, वजा प्रदूषण. आणि एक अट. त्या जागी गुन्हेगारी 190 च्या वर असेल तर भावातून आणखी 20 वजा. आता एक जागा घ्या. तिचा भाव 35, दाटी 100, पोलीस नाहीत. गुन्हेगारी 128 उणे 35 अधिक 100, म्हणजे 193. ही 190 च्या वर आहे, म्हणून पुढच्या फेरीत भाव 35 वरून 15 वर येतो. भाव पडला म्हणून गुन्हेगारी 213 होते. ही जागा आता अडकली. घसरण होण्याआधी पोलिसांचा 3 इतकाच प्रभाव असता तर गुन्हेगारी 190 वर थांबली असती आणि काहीच बिघडलं नसतं. घसरल्यावर त्याच जागेला बाहेर काढायला 23 लागतात.

आम्ही हे फळ्यावर मांडलं तेव्हा खोली शांत झाली. वेळेवर 3, उशिरा 23. सगळे आकडे खेळातले, पण घसरलेल्या वस्तीला सावरणं इतकं महाग का पडतं, हे मी अनेक जाड अहवालांत इतकं लख्ख मांडलेलं पाहिलेलं नाही. ‘पोलीस’च्या जागी दिव्यांचे खांब, साफसफाई, शाळा काहीही ठेवा; आकार तोच राहतो. सूत्र तोकडं आहे, पण ते खोटं नाही. त्यात एक खरी गोष्ट आहे, आणि तिच्याभोवती बरंच काही गाळलेलं आहे. दोन्ही एकदम डोळ्यांसमोर ठेवणं हीच या प्रकरणातली कठीण कामगिरी.

करांचा तक्ता मात्र मला तितका माफ करता आला नाही. कोडमध्ये 0 ते 20 टक्के करासाठी 21 आकडे ओळीने लिहिले आहेत. 7 टक्क्यांना शून्य. त्याखाली बक्षीस, कर अजिबात नसेल तर अधिक 200. त्यावर शिक्षा: 8 ला उणे 10, 9 ला उणे 40, 10 ला उणे 100, आणि पुढे प्रत्येक टक्क्याला 50 ची भर घालत 20 टक्क्यांना उणे 600. हा आकडा थेट घरं, दुकानं आणि कारखाने यांच्या मागणीत मिसळतो. गोळा झालेल्या पैशाचं तुम्ही काय केलंत, याच्याशी या तक्त्याला देणंघेणं नाही. खेळाची पातळी अवघड निवडली तर हाच तक्ता दोन घरं पुढे सरकवून वाचला जातो: तुम्ही 7 टक्के लावता, शहर 9 समजून वागतं. खेळ अवघड करायचा म्हणजे लोकांना करांचा आणखी तिटकारा आणायचा! शिवाय नागरिकांच्या तक्रारी मोजताना कर ही स्वतःच एक तक्रार धरली आहे, टक्क्यांची दसपट. त्या दहावीतल्या मुलीने नियम चुकीचा शिकला नव्हता. तिला तो कोणीतरी लिहिलेला आहे, एवढंच कोणी सांगितलं नव्हतं.

कोणी लिहिला? कोड विल राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी 1984 मध्ये हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकायचा एक खेळ केला होता, आणि बेटं उडवण्यापेक्षा ती रचण्यात त्यांना जास्त मजा वाटू लागली. शहरं कशी चालतात हे शोधताना त्यांच्या वाचनात जे डब्ल्यू. फॉरेस्टर यांचं लिखाण आलं. फॉरेस्टर मुळात संगणकाचे अभियंता; संगणकाच्या चुंबकीय स्मृतीच्या शोधात त्यांचं नाव येतं. एमआयटीत त्यांच्या शेजारच्या खोलीत बोस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स येऊन बसले, आणि त्या गप्पांमधून 1969 मध्ये शहराचं एक गणिती प्रारूप तयार झालं. त्याचा निष्कर्ष खळबळजनक होता. स्वस्त घरं बांधणं हा शहराला सर्वांत मारक उपाय ठरला, आणि दरवर्षी बकाल घरांपैकी 5 टक्के पाडून ती जमीन उद्योगांना द्यावी हा सर्वांत गुणकारी. सिमसिटीत ही समीकरणं जशीच्या तशी उचललेली नाहीत. राइट यांनी चौकोनांचा नकाशा आणि शेजारच्या चौकोनांचा परिणाम ही भर स्वतःची घातली. पण गाभ्यातला विचार ओळखीचा आहे: शहर म्हणजे स्वतःला सावरणारं किंवा बुडवणारं यंत्र, आणि दाट गरीब वस्ती हा त्या यंत्रातला अडथळा.

फॉरेस्टर यांच्या प्रारूपावरचा जो आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तोच खेळालाही लागू पडतो. त्यांच्या शहराला उपनगरं नव्हती. शहराबाहेर होता तो फक्त एक अमर्याद परिसर, ज्यातून माणसं यायची आणि ज्यात नाहीशी व्हायची. खेळाचा नकाशा 120 गुणिले 100 चौकोनांचा. कडेपलीकडे काही नाही. शेजारची नगरपालिका नाही, तिचा कर नाही, तिची शाळा नाही.

डेट्रॉइटची सगळी कहाणी मात्र त्या कडेवरच घडली. उत्तरेला एट माइल रोड ही शहराची हद्द. 1950 मध्ये शहरात साडेअठरा लाख माणसं होती, 1970 मध्ये 15 लाखांच्या आसपास, 1980 मध्ये 12 लाख. गोरी कुटुंबं हद्दीपलीकडे गेली, कारखाने त्यांच्याही आधी निघाले होते, आणि त्यांच्याबरोबर कर भरणारा हातही गेला. शाळांमधली वंशविभागणी मोडण्यासाठी शहर आणि उपनगरं मिळून एक योजना आखावी, असा आदेश खालच्या न्यायालयाने दिला होता. 25 जुलै 1974 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो 5 विरुद्ध 4 मतांनी रद्द केला: उपनगरांनी भेदभाव केल्याचं सिद्ध झालं नसेल तर त्यांना यात ओढता येणार नाही. हद्द कायम राहिली. आमच्या खेळातल्या 10 वर्षांपैकी ते दुसरं किंवा तिसरं वर्ष. त्या दिवशी खेळणाऱ्याच्या पडद्यावर काहीही हलत नाही, आणि हलूही शकत नाही, कारण जे घडतं ते नकाशाबाहेर घडतं.

दुसऱ्या दिवशी मी गटाला सांगितलं: सूत्रात एकच गोष्ट घाला, पण तिचा आकडा कुठून आणणार तेही सांगा. बेकारी घालायला सगळे तयार होते, कारण खेळ ती आधीच मोजतो. एकाने पोलिसांच्या वजाबाकीला उलटी बाजू दिली: ठराविक मर्यादेपुढे चौक्या वाढल्या की प्रभाव घटायला लागतो. ती मर्यादा किती, यावर तासभर भांडण झालं आणि ते मिटलं नाही. मला ते भांडण फार मोलाचं वाटलं. आदल्या दिवशी याच मुलांना 500 डॉलरला एक चौकी ही गोष्ट सूर्य उगवण्याइतकी नैसर्गिक वाटली होती.

पहिल्या दिवशी जिंकलेल्या मुलीने सूत्राला हातच लावला नाही. तिने पांढऱ्या कागदाची एक पट्टी कापली आणि पडद्याच्या उजव्या कडेला चिकटवली. “हे शहराबाहेरचं,” ती म्हणाली. मग तिने तोच डाव तसाच पुन्हा खेळला, तोच बुलडोझर, त्याच बागा. फरक इतकाच की घरांचा एक चौकोन पाडला की ती हात माउसवरून काढायची, पट्टीवर एक रेघ मारायची आणि मगच पुढचा पाडायची. डाव पूर्वीपेक्षा खूप सावकाश चालला. गुन्हेगारीची सरासरी याही वेळी 60 च्या खाली आली. शहराची किल्ली पडद्यावर झळकली तेव्हा ती अजून रेघाच मोजत होती.